तटाचा राहिलेला तुकडा

कुणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं, की आमचे साहेब मुलगी कुठली, मुलगा काय करतो असलं काही विचारायचे नाहीत. पत्रिका उलटसुलट करून हॉलचा पत्ता शोधायचे आणि विचारायचे, "पायऱ्या किती?" समोरचा गडबडायचा. आपल्या पोरीच्या लग्नाच्या हॉलला पायऱ्या किती, हे कुठल्या बापाला ठाऊक असतं? मग साहेब ड्रॉवरमधून एक जाडजूड वही काढायचे, पानं चाळायचे आणि उलट त्यालाच सांगायचे, "चौदा. कठडा उजवीकडे. मला डावीकडे लागतो. तेव्हा आहेर आत्ताच घेऊन जा, माझी वाट बघू नका."

त्या वहीत अख्खं बोईसर होतं. पालघर होतं, तारापूर होतं. पोस्ट, बँक, दवाखाने, देवळं, स्टेशनचा पूल. प्रत्येकाच्या पुढं पायऱ्यांचा आकडा, कठडा कुठल्या बाजूला, कुठली पायरी खचलीय, पावसात कुठं शेवाळ धरतं. एकदा आमच्या स्टोअरकीपरच्या आईचे गुडघे धरले होते. तिला पालघरच्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडे न्यायचं चाललं होतं. साहेब म्हणाले, "तिकडं नेऊ नका. अकरा पायऱ्या, त्यात सातवी वीतभर उंच. कोपऱ्यावरच्याकडे न्या. डॉक्टर यथातथाच आहे, पण तळमजल्यावर आहे." स्टोअरकीपरनं नेलं, आणि म्हातारी बरी झाली. आता बोला!

साहेबांचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आणि उजव्या हातात काठी. ते पॅसेजमधून यायला लागले, की आधी आवाज यायचा, आणि ड्रॉइंग ऑफिसमधल्या आम्हा चौघांच्या सिगरेटी विझायच्या. कुणी पुढं होऊन त्यांचं कोपर धरलं, की संपलंच. "सोडा. मी पार्सल नाही," म्हणायचे, आणि तो माणूस पुढचे दोन दिवस त्यांच्या नजरेतून उतरलेला असायचा.

मी कऱ्हाडकडचा. त्र्याऐंशी साली बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कागदाच्या एका कारखान्यात ज्युनियर ड्राफ्ट्समन म्हणून चिकटलो. सरावलीत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. साहेब हेड ड्राफ्ट्समन, पंचेचाळिशीचे, बिनलग्नाचे, सालवडला एकटे राहणारे. मूळचे तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. ते सांगायचे, "बापानं मला बघितलं आणि म्हणाला, होडीवर ह्याचा काय उपेग नाय, शाळेत घाला ह्याला. आमच्या घरात शिक्षण असं आलं. कुणाला हौस होती म्हणून नाही." ऑफिसात ते आमच्यासारखंच बोलायचे, पण चिडले की किनारा बाहेर पडायचा. "तुमी ड्रॉइंग करताय की रांगोळी? आमी इथं काय हळदीकुंकवाला बसलोय?"

कामगार त्यांना 'इटलीवाले साब' म्हणायचे. त्याचं कारण असं, की मी लागायच्या दोन वर्षं आधी आमच्या शेठनी इटलीतलं एक जुनं कागदाचं मशीन विकत घेतलं होतं. तिथं ते खोलायचं, भागाभागाला नंबरचा पत्रा लावायचा, तोच नंबर ड्रॉइंगवर टाकायचा, पेट्यांत भरायचं आणि इथं आणून परत उभं करायचं. हे काम चुकलं तर सगळं मशीन भंगारात. अख्ख्या कारखान्यात ते बिनचूक करील असा एकच माणूस होता. पाय असा, तरी शेठनी त्यालाच पाठवलं. सोबत दोन फिटर. दीड महिना साहेब तिथं होते आणि हजारो भागांना त्यांनी नंबर लावले. मशीन बोईसरला उभं राहिलं तेव्हा एक नटसुद्धा उरला नाही की कमी पडला नाही. परत आल्यावर त्यांनी आपल्या घरातल्या वस्तूंनाही पत्रे लावले. चहाचा डबा सात नंबर, साखर आठ. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते आतून ओरडले, "सात आणि आठ घेऊन ये," आणि मी वेड्यासारखा बघत राहिलो.

पण साहेबांच्या लेखी इटली म्हणजे मशीन नव्हतं. इटली म्हणजे लुक्का. मशीनच्या गावापासून बसनं अर्ध्या तासावर हे जुनं शहर, त्याच्याभोवती चहूबाजूंनी तट. "तट म्हणजे आपल्या तारापूरच्या किल्ल्यासारखा पडका नाही," ते सांगायचे. "वर रस्ता आहे रस्ता! दोन बैलगाड्या आरामात एकमेकींना ओलांडून जातील एवढा. दोन्ही अंगांना झाडं. बायका बाबागाड्या ढकलत असतात, म्हातारे गप्पा ठोकत असतात. खाली शहर, कौलं, माणसांची परसं. आणि वर जायला उतार. पायरी नाही. एक पायरी नाही!" इथं ते थांबायचे. पुढचं वाक्य ठरलेलं. "तट बांधणाऱ्यांना तोफा वर न्यायच्या होत्या. तोफेला पायऱ्या चढता येत नाहीत. माझी आणि तोफेची अडचण एकच. माझी सोय कुणी केली असेल, तर ती तोफेनं."

आम्ही हसायचो. मीही हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला कळलं ते अशेरीचा विषय निघाला तेव्हा. आमची काही पोरं रविवारी अशेरीगडावर निघाली होती. कुणी विचारलं नसताना साहेबांनी सांगितलं, "मी गेलोय अशेरीला. शाळेची सहल होती." एक जण चाटच पडला. "वर गेलात?" साहेब टी-स्क्वेअर पुसत म्हणाले, "पायथ्याला होतो. डबे राखत. बेचाळीस डबे होते. सकाळी गेलेले लोक दुपारी उतरले. मास्तर म्हणाले, शाब्बास, एक डबा हरवला नाही." मग म्हणाले, "लुक्क्याला मी जन्मात पहिल्यांदा तटावर होतो आणि लोक खाली." पोरं रविवारी अशेरीला गेली, मी मात्र काहीतरी सबब सांगून टाळलं.

त्यांना सुटीचे दोनच रविवार मिळाले होते. पहिल्या रविवारी ते उजव्या हाताला निघाले. धुकं होतं. बरंच चालले. मग बुटाच्या पट्ट्यानं कातडं सोललं आणि ते एका बाकावर बसले. खाली एका मोठ्या घराची बाग होती, तिच्यात ओळीनं दगडी पुतळे उभे. तिथून मागं फिरले. शेवटच्या रविवारी ते त्याच उतारावरून वर चढले आणि डाव्या हाताला निघाले. या खेपेला एका लोखंडी नळापाशी पोचले, पाणी प्यायले, आणि दिवस मावळायला आला. परतीची शेवटची बस चुकली असती. तिथून मागं. दोन्ही ठिकाणांची त्यांनी पेन्सिलनं चित्रं काढून आणली होती, ड्राफ्ट्समनची चित्रं, खिडक्यांची संख्यासुद्धा बरोबर.

लोकांना ते सांगायचे, "मी शंकराची प्रदक्षिणा घातली. महादेवाच्या देवळात पुरी फेरी मारत नाहीत. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, मागं फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हळीपर्यंत. शास्त्राप्रमाणं झाली माझी." लोक माना डोलवायचे.

मला मात्र त्यांनी एकदा खरं सांगितलं. त्यांच्या घरी भिंतीवर ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत काढलेला त्या तटाचा नकाशा होता. कडं जवळजवळ पुरं, पण एका बाजूला तुटक रेघ. आमच्या धंद्यात जे असतं पण दिसत नाही, ते तुटक रेघेनं काढतात. मी बघतोय हे बघून म्हणाले, "शंकराच्या प्रदक्षिणेत काही राहत नाही रे. पन्हळीच्या दोन्ही काठांना पाय लागतो. माझा मधला तुकडा राहिला." किती, म्हणून मी विचारलं. त्यांच्याकडे आकडा तयार होता. आमच्या ऑफिसच्या पॅसेजमध्ये त्यांनी खडूनं रेघा मारून आपलं पाऊल मोजलं होतं. तिथं चालताना पावलं मोजली होती. तट सारा चार किलोमीटरच्या वर, ते तिथं पाटीवर होतं. गुणाकार केला, वजाबाकी केली. "पाऊण किलोमीटर," साहेब म्हणाले. "एवढंच बघायचं राहिलंय माझं जगात."

माणसं म्हणतात तसं म्हणाले असतील, असं मला वाटलं. तसं नव्हतं. दुसऱ्या माणसांकडे बायको असते, पोरं असतात, निदान कुणाशी तरी भांडण असतं. साहेबांकडे संध्याकाळी सहानंतर काहीच नसायचं. त्यांची बहीण बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. आठवड्यातून एकदा ती त्यांना बोंबील आणि भाकऱ्या देऊन जायची. ती मला म्हणाली होती, "त्या तटावरून दादा अजून खाली उतरला नाय. उतरून करंल काय? खाली हाय कोन?"

असंच पाच-सहा वर्षं चाललं. मग शेठना दुसरं मशीन घ्यायची हुक्की आली. तेही तिथलंच, त्याच गावचं. बातमी दुपारी कळली, आणि त्या दिवशी सुटी झाल्यावर साहेब रिक्षात बसले नाहीत. कारखान्याच्या फाटकापासून सरावलीकडं जाणारा सरळ रस्ता होता, त्यानं ते चालायला लागले. दिव्याच्या खांबापासून खांबापर्यंत. पहिल्या दिवशी सहा खांब, मग आठ, मग दहा. पावसाळा संपता संपता वीस. पाळी सुटलेले कामगार सायकली थांबवायचे. "साब, छोड दूँ?" साहेब काठी हलवायचे. "पियानो, पियानो." म्हणजे हळूहळू, घाई नाही. हा शब्द त्यांनी तिकडून आणला होता आणि आमचे यूपीचे वेल्डरसुद्धा एकमेकांना "पियानो पियानो, भैया" म्हणायला लागले होते. मी त्याच रस्त्यानं सरावलीला जायचो. रोज बघायचो. घामानं शर्ट भिजलेला, ओठ आवळलेले, आणि खांब आला की चेहऱ्यावर जे यायचं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर ऑफिसात कधी बघितलं नव्हतं. हा माणूस तो तुकडा चालून येणार, यात मला तिळभर शंका नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

कारण नवरात्राच्या आसपास शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब जुलैत कँटीनच्या ओल्या फरशीवर घसरून पडले होते, ते शेठच्या कानावर गेलं होतं. शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "देख, आदमी एक नंबर है. लेकिन उमर हो गयी, पैर ऐसा. परदेस में कुछ हो गया तो? तू साथ में बैठता है. सच बोल, जा सकेगा?"

एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर शेठनी त्यांनाच पाठवलं असतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. आणि हेही कळत होतं, की ते गेले नाहीत तर दुसरं कोण जाणार. मी एकोणतीस वर्षांचा होतो. कऱ्हाडच्या आमच्या आळीतलं कुणी विमान जवळून बघितलेलं नव्हतं. बायको आणायची होती, आणि 'इटलीला जाऊन आलेला' असं म्हटलं की स्थळं कशी येतात, ते मी साहेबांचं सोडून सोबतच्या दोघा फिटरांचं बघितलं होतं. मला जायचं होतं. बस, एवढंच. मी अगदी काळजीचा चेहरा करून म्हणालो, "साहेबांना आता झेपणार नाही, शेठ."

दोन दिवसांनी माझं नाव लागलं. साहेबांसमोर जायला माझी छाती होईना. तर तेच माझ्या टेबलापाशी आले. महिनाभर त्यांनी मला शिकवलं. नंबर कुठल्या क्रमानं टाकायचे, खोलणाऱ्या माणसाच्या कधीही पुढं जायचं नाही, पेटी बंद करताना यादी आपल्या हातानं आत ठेवायची. लोकरी पायमोजे दिले. कातड्याचे हातमोजे दिले. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, सुटलो, यांना काही कळलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती दोन चित्रं माझ्या हातात ठेवली, पुतळ्यांची बाग आणि नळ. "फोटो नकोत मला. फोटो कुणीही आणतं. बागेपासून नळापर्यंत चालत जा, आणि काय आहे ते मला येऊन सांग. बाक कुठं, झाडं कसली, खाली काय दिसतं. घाई करू नकोस." मग जरा वेळानं म्हणाले, "आणि किती आहे ते मोज." मी हो म्हणालो.

मी गेलो तेव्हाही थंडीच होती. दुसऱ्याच रविवारी बस पकडली. तोफांच्या उतारावरून वर गेलो. साहेबांनी सांगितलेलं तसंच होतं सगळं, रस्ता, झाडं, बाबागाड्या. एवढंच की त्यांनी सांगितलेलं मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला तिथं नवं काही दिसेना. उजव्या हातानं निघालो. अर्ध्या तासानं बाग आली. चित्र काढून ताडून बघितलं. पुतळे तेच, घराच्या खिडक्या तेवढ्याच, बाक तोच. साहेब इथं बसले होते. मी पण बसलो. मग उठून पाऊण किलोमीटर चालायच्या तयारीनं कोट सारखा केला आणि निघालो.

तट तिथं जरा वळतो. झाडं दाट आहेत. वळण घेतलं आणि समोर नळ.

मी हसलो. म्हटलं, दुसरा नळ असेल. चित्र काढलं. नळाच्या मागं चर्चचा मनोरा होता, त्याला वर जाईल तशा वाढत गेलेल्या खिडक्या होत्या, साहेबांनी एकूण एक काढलेल्या. मी मोजल्या. तेवढ्याच. मग मी नळापासून बागेपर्यंत पावलं टाकत मागं आलो. चाळीस. खात्री पटेना म्हणून अख्ख्या तटाची फेरी मारली, दुसरी तशी बाग कुठं आहे का, दुसरा तसा नळ कुठं आहे का. नाही. पुन्हा येऊन मोजलं. चाळीस पावलं. धुकं नसतं तर बाकावरून दोन पावलं पुढं सरकून त्यांना नळ दिसला असता.

त्या बाकावर बसून मी त्यांचा गुणाकार डोक्यात पुन्हा केला. पावलं त्यांनी मोजली होती, ती चुकणार नाहीत. हा माणूस हजारो भागांत एक नट चुकला नव्हता. चुकलं होतं ते पाऊल. ते त्यांनी मोजलं होतं बोईसरला, आमच्या पॅसेजमध्ये, जिथं फरशी उंचसखल आणि आम्ही चौघं दारातून बघत असायचो. आयुष्यभर त्यांनी पाऊल टाकलं ते खड्डा बघून, गटार बघून, लोकांच्या नजरा चुकवत. आखडून. आणि इथं सपाट रस्ता, त्यांना ओळखणारं कुणी नाही, एक पायरी नाही. इथं त्यांचं पाऊल मोठं पडलं, आणि त्यांना स्वतःलाच ते कळलं नाही. ते चालले होते त्यापेक्षा कमी चाललो असं समजून बसले, आणि त्या न चाललेल्या तुकड्याच्या मागं इतकी वर्षं झुरत राहिले. मला त्या बाकावर रडू आलं. एक म्हातारी बाबागाडी थांबवून काहीतरी विचारायला लागली. मी तिला म्हटलं, काही नाही, काही नाही. मराठीतच.

उरलेले दिवस मी एकच ठरवत होतो, की बोईसरला उतरल्या उतरल्या सालवडला जायचं आणि सांगायचं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. विमानात तेच म्हणत आलो.

सालवडला साहेबांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट. बहिणीला बोलावून मासे करायला सांगितले होते. घरातली एकुलती एक खुर्ची माझ्यासाठी पुढं ओढलेली, आणि स्वतः पलंगावर, बूट काढून, पाय उशीवर घेऊन बसलेले. त्यांनी मशीनबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "सांग," म्हणाले.

मी बाग सांगितली. बाक सांगितला. आणि तोंड उघडून चाळीस म्हणणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे ऐकल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न काय असेल. जो माणूस तेव्हा एवढा चालला, त्याला आता झेपणार नाही, हे तू कशावरून सांगितलंस? त्यांना माहीत नव्हतं असं मी धरून चाललो होतो, तरी तो प्रश्न मला ऐकू आला.

"मग?" साहेब म्हणाले. "नळ किती लांब?"

"लांब आहे, साहेब," मी म्हणालो. "पाऊण किलोमीटर तरी असेल. थोडं जास्तच. आणि तेवढ्या भागात रस्ता खराब आहे. खडी आहे. मध्ये चढ लागतो." थांबावं ना माणसानं! मी थांबलो नाही. "तुमच्याच्यानं झालं नसतं, साहेब. मला दम लागला."

आतून मासे तळल्याचा वास येत होता. मग त्यांनी मान हलवली. "म्हणजे माझा हिशेब बरोबर होता."

"बरोबर होता."

"आणि तू शेठना सांगितलंस तेही बरोबर होतं." मी वर बघितलं. साहेब उशीवरचा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ करत होते. "मला शेठनी त्याच दिवशी सांगितलं होतं. 'तुम्हारा चेला ही बोला.' मला फार लागलं रे ते. वाटलं, ह्या पोरानं स्वतःला जायला मिळावं म्हणून माझा पाय पुढं केला. तुला शिकवत होतो आणि मनात शिव्या देत होतो. इतके दिवस राग धरला तुझ्यावर. खडी, चढ... पडलो असतो मी तिथं. तू खरंच सांगितलंस. माझं चुकलं. मनात ठेवू नकोस."

असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. आणि मी तो घेतला.

सोमवारपासून साहेब रिक्षानं घरी जायला लागले. त्या सरळ रस्त्यावर ते पुन्हा कधी दिसले नाहीत. महिन्याभरानं बाजारात त्यांच्या बहिणीनं मला हाक मारली. बोंबील बांधता बांधता म्हणाली, "दादा आता चालाया जात नाय. सहा वाजता दार लावून घेतो. तुमी काय सांगितलंत त्याला?" मी म्हणालो, "त्यांनी विचारलं ते सांगितलं." तिनं पुडी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

पुढं मी पुण्याला नोकरी धरली, लग्न झालं, दोन-तीन पत्रं आली-गेली. माझ्या प्रत्येक पत्रात ते एक वाक्य लिहायचं म्हणून मी बसायचो आणि हवापाण्यावर संपवायचो. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात साहेब गेले. बहिणीनं कुणाकडून तरी चार ओळी लिहून पाठवल्या, त्यातनं कळलं. ते जिवंत होते तोवर मला सांगता आलं असतं. कुठल्याही दिवशी. बोईसर काही परदेशात नव्हतं.

चाळीस पावलं होती, साहेब. तुमचं पाऊल तिथं मोठं पडत होतं.